व्हिएतनाममधील शुल्कमाफी आणि परदेशातून येणारा शिक्षणखर्च : एक खुलासा

व्हिएतनाममध्ये शिक्षण आता पूर्णपणे मोफत झाले असून अमेरिका, ऑस्ट्रेलिया वा फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या सधन व्हिएतनामी कुटुंबांनी गावाकडच्या भाचे-पुतण्यांसाठी पैसे पाठवण्याचे कारण उरलेले नाही, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो दिशाभूल करणारा असल्याने हा खुलासा.

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून बालवाडी ते बारावीपर्यंतच्या सरकारी शाळांतील शिक्षणशुल्क माफ झाले, हे खरे आहे आणि मनापासून स्वागत करावे असेच आहे. मात्र ही माफी शुल्कापुरतीच असल्याने गणवेश, दुपारचे जेवण आणि खासगी शिकवणी यांचा भार बहुतेक पालकांवर राहतोच. विद्यापीठे तर या निर्णयात येतच नाहीत. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातली एखादी मुलगी हो ची मिन्ह शहरात शिकायला जाते, तेव्हा विद्यापीठाच्या शुल्काच्या जोडीला खोलीभाडे, जेवणखाण, दुचाकीचे पेट्रोल आणि इंग्रजीच्या परीक्षेची फी उभी राहते, आणि कॅलिफोर्नियातल्या नेल सलूनमध्ये दिवसभर राबणाऱ्या मावशीचे पैसे बहुधा इथेच खर्ची पडतात.

‘सधन’ हे विशेषणही सरसकट लावता येत नाही. १९७५ नंतर देश सोडलेल्या निर्वासितांबरोबरच जपान, तैवान आणि दक्षिण कोरियात कंत्राटावर गेलेले तरुण कामगारही धाकट्या भावंडांसाठी पैसे धाडतात, आणि त्यांतल्या अनेकांना परदेशी जाण्यासाठी काढलेले कर्जही त्याच पगारातून फेडावे लागते.