फ्लॉपी, फडताळ आणि ‘नंतर’

छोट्या वाचनालयांसाठी मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणारे आम्ही सहा जण. पगार कुणालाच नाही. मत देणं हाच पगार, आणि तो प्रत्येक जण थकबाकीसकट वसूल करतो.

रविवारी दादरला भेटतो. मध्य आणि पश्चिम रेल्वे तिथे भेटतात म्हणून. आमचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.

डेटाबेसचा अख्खा पाया बदलणारा कोड मागे आला होता. दोन हजार ओळी. ‘छान!’ एवढं लिहून सगळ्यांनी तो दहा मिनिटांत मर्ज करून, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळून टाकला. (कुणी वाचला होता? मी तरी नाही.) मग विरारकर म्हणाला, ‘‘स्क्रीन जरा जुनाट दिसते, नाही का?’’ झालं. चार महिने गेले त्यात.

पहिला बळी फ्लॉपीचा. ‘जतन करा’च्या बटणावर फ्लॉपीचं चित्र होतं. आमच्यातल्या कॉलेजकन्येला ते इतके दिवस सिमकार्ड वाटत होतं. डोंबिवलीकर काकांनी तिला फ्लॉपी समजावली : १.४४ एमबी. ‘‘म्हणजे माझा एक फोटोपण नाही मावणार?’’ काका दुखावले. त्यांचा पहिला पगारपत्रकाचा प्रोग्राम तीत मावला होता, वर जागा उरली होती. फ्लॉपीऐवजी काय, यावर तिजोरी, डबा आणि फडताळ अशा सूचना आल्या. फडताळ काढलंही. ते फ्रिजसारखं दिसत होतं.

मग ठरलं, चित्रं नकोत, अक्षरंच ठेवू. विरारकरने इंग्रजी शब्दांच्या मापाने बेतलेल्या बटणात ‘जतन करा’ बसेना. तिथे नुसतंच ‘जत…’ उमटलं. सांगलीकडच्या वाचनालयांना वाटलं असतं की तालुका निवडायचाय. ओळींची उंची त्याने ‘सुटसुटीत’ केल्यावर खालचे उकार छाटले गेले आणि सभासदांच्या यादीतले सगळे मुळे एका रात्रीत मळे झाले. मी हे दाखवल्यावर तो म्हणाला, ‘‘पण मोकळं किती वाटतंय बघ.’’ विरारच्या गाडीत उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाला मोकळ्या जागेचं एवढं वेड का, हे मला कळतं. पण म्हणून मुळ्यांचं आडनाव बदलायचं?

काकांचा पक्ष उलटा. तीन बटणांच्या पट्टीवर चौथं, मग पाचवं. ‘‘थोडं सरकलं की बसतं!’’ चौथ्या सीटचा हा कायदा संगणकालाही लागू, अशी त्यांची श्रद्धा. त्यांचं पाचवं बटण अर्धं बाहेर लोंबकळत होतं, तेवढं मात्र अस्सल लोकल.

शेवटी शब्द निघालाच : फोर्क. म्हणजे सगळा कोड उचलायचा आणि वेगळी चूल मांडायची. लायसन्सच तशी मुभा देतं, त्यामुळे अडवणार कोण? काकांनी दाखला दिला. २०११ साली लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपचं नवं रूप, ग्नोम ३ आलं, नेहमीचा मेनू गेला, खिडकी लहान करायचं बटणसुद्धा गेलं. रुसलेल्यांनी मेट आणि सिनॅमन अशा दोन चुली मांडल्या, त्या अजून पेटत्या आहेत. ‘‘त्यांच्याकडे माणसं होती हो,’’ मी म्हटलं. ‘‘आपण सहा आहोत. त्यातला एक नुसता वडे आणतो.’’ तो मीच.

तेव्हा कुणीतरी सुचवलं, गिरगावातल्या वाचनालयाच्या बाईंना विचारू. चार महिने दोन्ही पक्ष त्यांचंच नाव पुढे करून भांडत होते. ‘बाईंना जमणार नाही,’ ‘बाईंचे डोळे दुखतील.’ विचारलं मात्र कुणी नव्हतं.

गेलो. बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, एकाचं पुस्तक परत घेतलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. आवृत्ती तीन वर्षांपूर्वीची. ‘‘रोज सकाळी ते विचारतं, नवीन आवृत्ती घ्यायची का? मी ‘नंतर’ दाबते.’’

आम्ही गप्प. काकांनी चष्मा पुसला.

‘‘तुम्ही हवं ते बदला हो,’’ बाई समजुतीने म्हणाल्या. ‘‘फक्त ते ‘नंतर’चं बटण आहे तिथेच राहू दे.’’