‘नुसत्या गप्पांनी दारू सुटत नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तीनदा आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या, मग शाळेच्या. मजकुराचं सार असं: दारू सुटते ती फक्त इच्छाशक्तीने. समुपदेशन म्हणजे पैसे घेऊन मारलेल्या गप्पा. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला माणूस पुन्हा पितोच, म्हणजे उपचार फसवे. खरंच सोडवायची असेल तर आजपासून एकदम बंद करा, नाहीतर त्याच्या नकळत जेवणातून औषध द्या. खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’.

माझा दादा चौदा वर्षं प्यायला. आता सहा वर्षं पीत नाही. त्यामुळे हा मजकूर वाचून मला गप्प बसवत नाही.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करते, कारण त्याने जीव जाऊ शकतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली, तर काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत काहींना भ्रम होतो. दादाने एका गणपतीत शपथ घेऊन अशीच बंद केली होती. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या वेचत बसला. चादर स्वच्छ होती. आई म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय. शेजारच्या काकांनी रिक्षा आणली म्हणून आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी झोपेची औषधं देऊन ती हळूहळू कमी केली, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. शरीरातून दारू उतरवण्याचं काम डॉक्टरांचंच आहे, आणि कोणताही धड समुपदेशक तेच आधी सांगतो.

नकळत द्यायच्या औषधाचंही तसंच. भिंतींवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं. त्या पुड्यांत काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. दारू सोडवायला डॉक्टर देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या रुग्णाला ते झेपेलच असं नाही. म्हणून ही गोळी माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. शिवाय, ज्या दिवशी त्याला कळेल की बायको भाजीत काहीतरी कालवते, त्या दिवसापासून तो घरचा घास खाईल का?

आता इच्छाशक्ती. दादाने आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, विठोबासमोर घेतली, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला घेतली. एकही खोटी नव्हती. इच्छा त्याच्याकडे पोतंभर होती. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला त्या इच्छेचं करायचं काय, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

समुपदेशक मॅडमनी पहिल्या भेटीत ‘का पिता?’ असं विचारलंच नाही. म्हणाल्या, “गेल्या शुक्रवारी कंपनी सुटली तिथपासून सांगा. काहीही गाळू नका.” मी शेजारीच बसले होते. दादा सांगत गेला. साडेपाचला सुट्टी, खिशात पगार, दुपारी डबा नीट खाल्लेला नाही, सकाळी सुपरवायझर चारचौघांत बोललेला. चौकात नेहमीचा मित्र, “एक नाइंटी मारू आणि निघू.” मॅडमनी कागदावर रेघ ओढून एकेक गोष्ट तिच्यावर मांडली आणि विचारलं, “ओढ नेमकी कुठे सुरू झाली?” दादा म्हणाला, चौकात. मग बराच वेळ रेघेकडे बघत राहिला आणि म्हणाला, “नाही. डबा उघडला नाही तिथेच.”

त्या कागदावर पुढच्या शुक्रवारची दुसरी रेघ काढली गेली. निघण्याआधी शेंगदाणे-गूळ खायचा. पगार वहिनीच्या खात्यात. चौक टाळून पेट्रोल पंपाच्या रस्त्याने यायचं आणि पंपापाशी थांबून घरी फोन करायचा. मित्र भेटलाच तर काय बोलायचं, ते वाक्य मॅडमनी त्याच्याकडून मोठ्याने दहा वेळा म्हणून घेतलं. पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. तलफ लाटेसारखी चढते आणि थोड्या वेळाने उतरते, तेवढा वेळ काढायचा, हे तो तिथे शिकला. मजकूर ज्याला गप्पा म्हणतो, त्या ह्या.

माळ घालून दारू सोडलेले वारकरी मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तिथेही माणूस एकटा नसतो. भजनाला न जमणाऱ्याची चौकशी करायला दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येतं.

बोलण्याने फरक पडतो का, हे गोव्यात मोजून पाहिलंय. ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष निवडले. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशन दिलं, फार तर चार बैठका. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, दुसऱ्या गटात २६ टक्के. आधीचे चौदा दिवस अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात १८. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. दादासारखे पुरते अवलंबून असलेले लोक या अभ्यासात नव्हते, त्यांना जास्त लांबचे उपचार लागतात, हेही सांगायला हवं. पण ‘बोलून काही होत नाही’ हे विधान इथेच पडतं.

परत पिण्याचा मुद्दा खरा आहे. उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी घसरतात. रक्तदाब आणि दम्याचे रुग्णही साधारण तितक्याच प्रमाणात, किंबहुना थोडे जास्तच, उपचार सोडतात आणि त्रास उलटतो. त्यांना आपण गोळीच फसवी असं म्हणत नाही. आठव्या महिन्यात दादा एका लग्नात घसरला. पूर्वी अशा दिवशी ‘आता गेलंच सगळं’ म्हणून तो महिनाभर पीत राहायचा. या वेळी दोनच दिवसांनी मॅडमकडे गेला. पुन्हा रेघ काढली.

पैशांबद्दल. मारहाण करणारी, माणसं कोंडून ठेवणारी केंद्रं आहेत आणि त्यांच्यावरचा राग रास्त आहे. पण पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही इथलंच आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते १९८६ साली सुरू केलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना साथ देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगला फी नसते. सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, दोन्ही मोफत आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला कुठलीतरी मदत मिळाली होती. उरलेल्या ३७ जणांच्या घरी हा मजकूर पोचतोय.

आणखी एक, जे मजकुरात कुठेच नाही. मॅडमनी मलाही एकटीला बसवून विचारलं होतं, “त्यांच्या कंपनीत ‘ताप आलाय’ असा फोन कोण करतं?” मीच करायचे, चौदा वर्षं. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी त्यांनाच करू दे.” ते माझ्यासाठी फार अवघड होतं. दादा घसरला त्या लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी फोन हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते. मग तो दादाच्या हातात दिला. त्याने साहेबांना सांगितलं, “साहेब, मी शनिवारी प्यायलो. आज दवाखान्यात जातोय. उद्या येतो.”