म्हणे, बैठकीतली बंदूक घर राखते!

दसरा जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे चार ग्रुपांतून आला: दोन पाटणकडचे, एक शिराळ्याचा आणि एक निवृत्त फौजींचा. मजकूर साधारण असा:

"आज्याची बंदूक कपाटात कुजवू नका. बैठकीत दर्शनी भिंतीला टांगा, चोर उंबरा ओलांडणार नाही. फार तर कपाटात ठेवून कुलूप लावा. काडतुसं जवळच असू द्या, वेळेला लागतात. भावकीतल्या सगळ्या बंदुका एकाच घरात ठेवा, राखायला सोपं. गावाला जाताना विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या. ठासणीच्या बंदुकीला तर कायदाच लागत नाही. आणि चोरीला गेलीच तर गप बसा, पोलीस तुम्हालाच आत टाकतील."

खाली दोन तलवारी आणि एक वाघ. वाघाचा संबंध काय ते विचारू नका.

माझ्याकडे वडिलांची दुनळी आहे, बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), परवान्यावर. वडील फौजेतून आल्यावर बँकेत गनमॅन होते. साताऱ्यात असली घरं पुष्कळ. म्हणून हा मेसेज हसून सोडून देता येत नाही. तो वाचून खरोखर भिंतीत खिळे ठोकणारे लोक माझ्या ओळखीत आहेत.

उंबऱ्यापासूनच सुरुवात करू. भिंतीवरची बंदूक बघून चोर घाबरायचा, तर ती उचलायला घरात कुणीतरी पाहिजे. पाटण, जावळीकडची अर्धी गावं वर्षभर कुलपात असतात. माणसं मुंबईला, घर उघडतं ते गणपतीला नाहीतर जत्रेला. अशा घरात भिंतीवरची बंदूक कुणावर रोखलेली असते? आणि ती बघतं कोण? फरशी बसवायला आलेला गवंडी, केबलवाला, पत्रिका द्यायला आलेले पाहुणे. त्यातला कुणीच चोर नसेल, पण चहाच्या टपरीवर "अमक्याच्या बैठकीत काय दुनळी हाय!" एवढं एकानं बोललं तरी पुरतं.

माझ्या चुलत्यांचं घर कराडजवळ. त्यांची एकनळी बैठकीत दोन खुंट्यांवर आडवी असायची, खाली आज्याचा फेटा बांधलेला फोटो. घरचं लग्न कराडला कार्यालयात होतं, सगळे तिकडे. संध्याकाळी परत येतात तर कडी तोडलेली. काकीनं दागिने धान्याच्या कणगीत खोल पुरून ठेवले होते, ते जागच्या जागी. खुंट्या तेवढ्या रिकाम्या.

खरी पंचाईत ठाण्यात झाली. बंदुकीचा नंबर काय? चुलत्यांनी परवाना बंदुकीच्याच गिलाफात ठेवलेला, तोही तिच्याबरोबर गेला. "नळीवर इंग्रजीत कायतरी कोरलंय," यापलीकडे त्यांना काही सांगता येईना. शेवटी जिल्हाधिकारी कार्यालयात नूतनीकरणाच्या जुन्या कागदांत नंबर सापडला, तोपर्यंत दोन दिवस गेले. पुढे कितीतरी वर्षं कुठे बंदूक पकडली की चुलत्यांना ओळख पटवायला बोलावणं यायचं. ते जायचे, बघायचे, "ही न्हवं" म्हणून परत यायचे. म्हणून आधी एक काम करा: परवान्याची झेरॉक्स, बंदुकीचा नंबर, बनावट, बोअर आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो, हे सगळं बंदुकीपासून लांब, दुसऱ्या घरात ठेवा.

आता "कपाटात ठेवून कुलूप लावा". साध्या पत्र्याच्या कपाटाच्या दाराच्या फटीत पहार घातली की पत्रा वाकतो, आणि बहुतेक घरांत पहारीचीही गरज पडत नाही, कारण किल्ली गादीखाली नाहीतर देव्हाऱ्यातल्या फोटोमागे असते हे चोराला पाठ असतं. जाड पत्र्याची उभी तिजोरी चांगली, पण ती नुसती ठेवली तर दोघं जण तिच्यासकट बंदूक पिकअपमध्ये घालून नेतील. ती आतून बोल्ट मारून बसवावी लागते. इथे आपल्या जुन्या घरांची गोम आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. बाहेरून गिलावा कितीही गुळगुळीत असो, आत माती आणि भेंडे, म्हणजे कच्च्या विटाच. हिसका दिला की बोल्ट ढेकळासकट हातात येतो. तिजोरी बसवायची तर नव्या बांधकामातल्या काँक्रीटच्या कॉलमला, नाहीतर काँक्रीटच्या जमिनीला. आणि बैठकीत नको. आतल्या खोलीत, जिथे परका माणूस चहाला बसत नाही.

दुनळी असेल तर आणखी एक सोय आहे. ती मोडून तीन भाग होतात: नळ्या, दस्ता आणि नळीखालचं लाकूड. मी नळ्या एका कुलपात ठेवतो आणि दस्ता दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. चोराला एक भाग मिळाला तरी त्याच्या हाती बंदूक येत नाही. ज्यांना हे कटकटीचं वाटतं त्यांनी निदान घोड्याला कुलूप लावावं.

पावसाचं मेसेजवाल्याला काहीच माहीत नाही. कोयनेकडे चार महिने भिंती पाझरतात. चामड्याच्या नाहीतर फोमच्या खोळीत ठेवलेली बंदूक ओल धरते, नळीला तांबेरा चढतो. मग श्रावणातल्या पहिल्या उन्हाला माणसं ती अंगणात बाजेवर वाळत घालतात, पापडासारखी, आणि सगळी आळी बघून जाते. त्यापेक्षा खोळ काढून टाका, तेलाचा बोळा फिरवा आणि तिजोरीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.

काडतुसं जवळ ठेवण्याबद्दल फार लिहीत नाही. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. "वेळेला" म्हणजे रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, अंधारात, आणि शेजारी नातवंडं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना मागणाऱ्याला जे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात शस्त्र सुरक्षित कसं ठेवावं हाही भाग आहे.

सगळ्या बंदुका एका घरात आणि गावाला जाताना शेजाऱ्याकडे, ही दोन वाक्यं मात्र नुसती वेडगळ नाहीत, तुरुंगात नेणारी आहेत. परवाना माणसाला असतो, घराला किंवा भावकीला नसतो. आज्याची, बापाची, चुलत्याची अशा तीन बंदुका एकाच्या नावावर करू म्हणाल तर तेही नाही. शस्त्र कायद्यातल्या डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारसा म्हणून आलेल्या बंदुकाही त्या दोनातच धरायच्या. शेजाऱ्याला परवाना नसेल, तर तुमची बंदूक त्याच्या माळ्यावर सापडल्यावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर: किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत. विश्वासातल्या माणसाला असलं संकट द्यायचं का? परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून तुमच्यावरचं प्रकरण वेगळंच.

सरळ वाट आहे आणि ती सगळ्यांना ठाऊकही आहे. निवडणूक लागली की आपण बंदुका ठाण्यात जमा करतोच. लांब गावाला जाताना, नोकरीसाठी मुंबईला राहताना, पोलीस ठाण्यात किंवा तसा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक सांभाळायला ठेवता येते. पावती घ्या, पावतीवर नंबर बरोबर आहे का बघा. वर्षातून आठ दिवस उघडणाऱ्या घरात बंदूक ठेवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीचा गैरसमज मात्र चांगल्या शिकलेल्या लोकांतही आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणावी अशा शस्त्राला सूट आहे हे खरं. पण पुढचे शब्द मेसेजवाला गिळतो: ते शस्त्र दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही, असं असलं पाहिजे. दारू ठासून बार निघत असेल तर ती या सूटीत बसत नाही. उलट त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. परवानाच लागत नसता तर तो कशाला लिहिला असता? (पीक राखायचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायचा परवाना नव्हे, त्याला वन्यजीव कायदा आहे. पण तो वाद वेगळा आणि मोठा.)

राहिलं "गप बसा". आधीचे सल्ले बंदूक घालवतील, हा तुम्हाला घालवेल. चोरीला गेलेली बंदूक दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात सापडली की नंबरावरून पोलीस तुमच्याच दारात येतात. तेव्हा "गेली होती, पण सांगितलं नाही" हे कोण ऐकणार? परवानाधारकानं चोरीची खबर विनाविलंब ठाण्यात द्यायची, ही परवान्याचीच अट आहे. चुलत्यांना हेलपाटे पडले, पण त्यांच्याकडे त्याच रात्रीची फिर्याद होती, त्यामुळे पुढचा प्रत्येक प्रश्न तिथेच संपायचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. घर पाटणला आणि तुम्ही नवी मुंबईत असलात तर नवी मुंबईतल्याच ठाण्यात जा. फिर्यादीची प्रत घ्या, आणि एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेही द्या.

शस्त्र लोकांना दाखवायची हौस मी समजू शकतो. पण २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीसुद्धा काचेआड आणि बंदोबस्तात. आपण खंडेनवमीला पाटावर बंदूक ठेवतो, हळदकुंकू वाहतो आणि लगेच स्टेटस टाकतो. मागे कपाट, खिडकी, कधीकधी घराची पाटीसुद्धा. यंदा आमच्याकडे पूजा दार लावून होणार आहे. ग्रुपवर फोटो मागू नका.