स्ट्रिप उलटी करून वाचा

सर्दीच्या एकत्रित गोळ्यांमुळे (एकाच गोळीत अनेक औषधं असलेल्या) पॅरासिटामॉल या तापाच्या औषधाचा डोस नकळत वाढतो, हा लेखातला मुद्दा अगदी बरोबर. कोथरूडला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पावसाळ्यात रोज हेच ऐकू येतं, ‘सर्दीची एक स्ट्रिप द्या, आणि तापाची पण.’ अहो काका, सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. वर तापाची ६५० ची घेतली की एका वेळेला ११५० मिलिग्रॅम. असं दिवसात चारदा झालं की ४६००. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजचं ‘बसणं’ असेल, तर त्याहूनही कमी.

सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करायला घातलेलं फिनाइलेफ्रिन बीपी वाढवू शकतं. गंमत म्हणजे, पोटात घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने २०२३ मध्येच सांगितलंय! याच गोळ्यांत असणाऱ्या, शिंका थांबवणाऱ्या क्लोरफेनिरामिनने झोप येते, तेव्हा गाडी चालवू नका. प्रोस्टेटवाल्यांची लघवीही अडू शकते.

आपल्या औषध महानियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन या दोन्हींचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं बजावलं. तरी ‘मोठ्याचंच सिरप आहे घरात, अर्धं झाकण देऊ का?’ हा प्रश्न काही थांबत नाही. नका देऊ, ताई. आधी डॉक्टरांना दाखवा.