आत्याचा फॉर्म आणि जिमची पावडर

परवा परभणीहून आत्याचा फोन. "माय, तो अवयवदानाचा फॉर्म भरला होता ना, फाडून टाकला बघ." का, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आलाय: 'मेलेल्या माणसाचं लिव्हर शवागारातून रातोरात काढतात, लॅबमध्ये त्यातून स्टेरॉइडचं एन्झाइम काढतात आणि जिमच्या पोरांना पावडर करून विकतात. फॉर्म भरू नका.' मला सांगायच्या आधी तिनं तो अकरा जणींना पाठवलाही होता.

आधी पावडर. यकृतातली ही एन्झाइमं स्टेरॉइड बनवून देत नाहीत, त्याची विल्हेवाट लावतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, तेही स्टेरॉइडच. ते यकृतात आलं की सीवायपी३ए४ हे एन्झाइम त्याला ऑक्सिजन चिकटवतं, दुसरी एन्झाइमं त्याची मोडतोड करतात, तिसरी त्यावर सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक ॲसिड चढवतात, आणि मग ते लघवीवाटे बाहेर. दंड फुगवायला हे खाणं म्हणजे दुधाच्या राखणीला मांजर. स्टेरॉइडच्या गोळ्या काढणाऱ्यांनी तर उलटीच खटपट केली. मिथाइल टेस्टोस्टेरॉनला सतराव्या कार्बनवर मिथाइलचा तुकडा जोडला, ते यकृताच्या तावडीतून सुटावं म्हणूनच. शिवाय एन्झाइम म्हणजे प्रोटीन. गिळलं तर अंड्यासारखं पचून जाणार. पावडर कसली विकता?

आता ते 'शवागारातून रातोरात'. मी लातूरला बीएस्सीच्या पोरांची प्रॅक्टिकल घेते. बकऱ्याची ताजी कलेजी बर्फात घालून आणायची, ठेचायची, वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस फसफसून नळीबाहेर येतो. तीच कलेजी उकळून घ्या, एक बुडबुडा दिसला तर सांगा. उकळलं की एन्झाइम निकामी होतं. हा फेस काढणारं एन्झाइम कॅटॅलेज, ते तरी त्यातल्या त्यात दणकट. सीवायपी३ए४सारख्या एन्झाइमांचं काम पहिल्यापासून थंडीत: बर्फात वाटलेलं यकृत सेंट्रिफ्यूज यंत्रात आधी साधारण दहा हजार जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट जोरानं) फिरवायचं, वरचं पाणी वेगळं घेऊन ते पुन्हा एक लाख जी वर तासभर, तेव्हा तळाशी लालसर तपकिरी, जेलीसारखी गोळी बसते. ठेवायची उणे ८० अंशांवर. मढ्याचं शिळं यकृत कोण घेईल?

घरी मृत्यू झाला तर यकृत घेतच नाहीत. डोळे मात्र ६ तासांत घेता येतात. यकृत मिळतं ते बहुतेक आयसीयूतल्या मेंदूमृत माणसाचं, तेही चार डॉक्टरांनी ६ तासांच्या अंतरानं दोनदा तपासल्यावर. अवयव विकला तर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड.

एक मात्र कबूल करते, नाइलाजानं. मानवी यकृतापासून केलेले असे नमुने औषधं तपासणाऱ्या लॅबना विकले जातात. पण ते बहुधा प्रत्यारोपणाला न चाललेल्या आणि नातेवाइकांनी संशोधनासाठी दिलेल्या यकृतांचे असतात. त्यातून काय मिळालं तेही ऐका. १९८६ साली अमेरिकेत गुएंगरिक यांच्या गटानं मानवी यकृतातून बीपीच्या निफेडिपिनवर काम करणारं एन्झाइम वेगळं केलं. तेच आजचं सीवायपी३ए४, टेस्टोस्टेरॉनची वाट लावणारं. टीबीची रिफाम्पिसिन, ती लघवी लाल करणारी, हे एन्झाइम वाढवते. म्हणून तिच्यासोबत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड कमी पडतं आणि गर्भनिरोधक गोळीवर भरवसा राहत नाही. टीबीच्या औषधांवर असलेल्या सुनेला डॉक्टर असं का होतं हे सांगू शकतात, ते कुणीतरी दिलेल्या यकृताच्या जोरावर.

आत्याला नवा फॉर्म नेऊन दिला. सही केली. म्हणाली, "पण त्या अकरा जणींना तूच सांग माय, मला लाज वाटते." त्यातल्या चौघींचे नंबर माझ्याकडे नाहीत.