लोकेशन टाका म्हणे!

सकाळपासून डोकं ठणकतंय. पहाटे पावणेपाचला नळ आला, आईने हंडा लावला आणि मला हाक मारली. पाणी पिवळट, वर फेस, वास सरळ गटाराचा. सात वाजता नगरसेवकांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, हे नेमकं कुठं येतं? लोकेशन टाका ना."

लोकेशन! जानेवारीत ह्याच गल्लीत हात जोडून फिरलात, माझ्या आईच्या पाया पडलात. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि निवडून आलात आमच्या नाशिकच्या सिडकोतून.

कायद्याने यात काहीच चूक नाही, हेच तर दुखणं आहे. महापालिकेसाठी शहरातल्या कुठल्याही एका प्रभागाच्या मतदार यादीत नाव असलं की बास, उभं कुठूनही राहा. खासदाराचं एक वेळ समजू शकतो, तो दिल्लीत कायदे करायला जातो. नगरसेवकाने बघायचं काय? नळ, गटार, घंटागाडी, खांबावरचा दिवा. तिथं राहत नसेल त्याला बंद दिवा दिसणार कधी?

आमच्या गल्लीत पूर्वी एक ताई नगरसेविका होत्या. मी तेव्हा बारावीला होतो. असंच गढूळ पाणी आलं, त्यांच्याही नळाला. ताईंनी पदर खोचला, बादली भरली, रिक्षात बसल्या आणि अभियंत्याच्या टेबलावर ती बादली ठेवली. "साहेब, आधी तुम्ही प्या." संध्याकाळी रस्ता खोदला, फुटलेली लाईन सापडली. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडायची. आम्ही खिडकीतूनच हाक मारायचो, त्या पोळी लाटता लाटता ऐकायच्या.

आरक्षणाची सोडत निघते, हक्काचा प्रभाग हातचा जातो, मग माणूस शेजारी सरकतो. मान्य. गल्लीत राहणारा प्रत्येक जण काम करतोच असंही नाही. पण त्याला दूध आणायला जाताना तोंडावर विचारता तरी येतं!

मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. तेव्हा मीच सगळ्यांना सांगायचो, एकदा निवडणूक होऊ द्या, आपलं माणूस येईल. आता एकेका प्रभागात चार-चार जण आहेत. एकाला फोन करा, तो दुसऱ्याचं नाव सांगतो. चौघांतल्या एकाच्या तरी घरी हे पाणी येतं का?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या प्रभागातून उभं राहायचं, त्याच प्रभागाच्या यादीत किमान तीन वर्षं नाव हवं. आणि नावापुरता फ्लॅट चालणार नाही. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, हे मतदार नोंदणीच्या कायद्यातच लिहिलंय. तो नीट पाळा की.

ताई आता थकल्यात, पुण्याला मुलाकडे असतात. मघाशी आईने सहज त्यांना फोन केला, पाण्याचं सांगितलं. ताईंनी लगेच विचारलं, "आधी कुणाकडे आलं गं, चक्कीच्या बाजूला का शाळेच्या?" आई म्हणाली, चक्कीच्या. "मग वळणावरचं चेंबर उघडून बघायला सांग, मागे तिथंच फुटली होती."

लाईनमनला घेऊन तिकडेच निघालोय.