‘टॅक्स चुकवतात आणि मग घर मागतात’ या कमेंटला उत्तर

काका, तुमची कमेंट काल रात्री वाचली, दोनदा वाचली. बँकेतून रिटायर झालोय असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणते. कुरिअरच्या पोरांवर मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही पोरं महिन्याला वीस-पंचवीस हजार कमावतात, टॅक्स चुकवतात, कागद ठेवत नाहीत आणि बँकेनं घराचं लोन नाकारलं की रडत बसतात, धंदा करायचाय तर धंदेवाल्यासारखी वही ठेवा. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून इथेच उत्तर देते, लांबेल जरा.

आधी टॅक्सचं, कारण तो शब्द मला लागला. मागच्या लेखातला मुलगा माझा धाकटा भाऊ आहे, तेव्हा सांगितलं नव्हतं. चिपळूणच्या हबवरून (कुरिअर कंपनीचं पार्सल येतं ते गोदाम) रामपूर, मार्गताम्हाणे बाजूला पार्सलं वाटतो. दिवसाला साठेक पार्सलं, एका पार्सलमागे १५ रुपये, म्हणजे ९०० झाले. २६ दिवस धरले तर महिन्याचे २३,४०० आणि वर्षाचे २,८०,८००. ह्यातला एक रुपया लपवायचा म्हटला तरी लपत नाही हो, सगळे पैसे बँकेत येतात आणि येण्याआधीच त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापलेला असतो, १९४सी खाली, म्हणजे ठेकेदाराच्या कलमाखाली. (१ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, नंबर बदललेत, पण आमच्या फाईलमधले कागद जुने आहेत म्हणून जुनेच नंबर लिहिते.) वर्षाचे २,८०८ रुपये कापले जातात. एवढ्या कमाईवर टॅक्स बसतच नाही, म्हणजे ते पैसे त्याचेच, आणि ते परत मिळवायला त्याला रिटर्न भरावा लागतो. टॅक्स चुकवायचा प्रश्न येतोच कुठे?

आता वहीचं. इथे तुमचं बरोबर आहे, ते मी मान्य करते. पहिल्या वर्षी त्याने एका एजंटकडून पाचशे रुपयांत रिटर्न भरून घेतला. एजंटने आयटीआर-१ मध्ये, म्हणजे पगारदार भरतात त्या फॉर्ममध्ये, सरळ पगार म्हणून दाखवून टाकलं, पगारदाराची वजावटही घेतली. टीडीएस ठेकेदाराचा आणि रिटर्न पगाराचा, मग काय, डिफेक्टिव्ह रिटर्नची, म्हणजे रिटर्न सदोष असल्याची, नोटीस आली. पोरगं घाबरून दोन दिवस जेवलं नाही. पुढच्या वर्षी आयटीआर-४, ४४एडी खाली, म्हणजे छोट्या धंदेवाल्यांचा अंदाजे नफ्याचा फॉर्म. त्यात पैसे बँकेतून आले असतील तर कमीत कमी ६ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं, एजंटने तेच केलं. २,८०,८०० चे ६ टक्के म्हणजे १६,८४८, वर्षाचे! खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मी बसून हिशेब केला, पेट्रोल रोजचं १६० म्हणजे वर्षाला पन्नास हजाराच्या आसपास, टायर-सर्व्हिसिंग-मोबाईल धरून अजून अठरा हजार, हातात राहतात दोन लाख बारा-तेरा हजार. खरं उत्पन्न ते.

आणि हे कागद घेऊन आम्ही लोनला गेलो. घर कशाला हवंय तेही सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा तो तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत होता, रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून त्याला वरच्या मजल्यावरचं वन बीएचके हवंय, बास. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ३ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचा गट आहे, त्यात तो बसतो, आणि लोनच्या पहिल्या ८ लाखांवर व्याजात ४ टक्के सवलत आहे. पण सवलत मिळायला आधी लोन तर मंजूर व्हायला हवं ना.

फॉर्मवर दोन चौकोन, नोकरी आणि व्यवसाय. नोकरीवर टिक केली तर तीन महिन्यांची पगार स्लिप आणि फॉर्म १६, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचा दाखला. ते नाही, आमच्याकडे १६ए आहे, पगार सोडून बाकीच्या पैशांवरच्या टीडीएसचा. बरं व्यवसाय म्हणावं तर बँकेतले साहेब विचारतात शॉप अॅक्टचं लायसन्स कुठाय, दुकान कुठाय. दुकान म्हणजे बाईक आणि पाठीवरची बॅग. मग त्यांनी रिटर्न उघडला, १६,८४८ वर बोट ठेवलं, म्हणाले ह्यात हप्ता कसा भरणार. त्यानंतर पासबुक बघितलं तर तिथे महिन्याला साठ-सत्तर हजार जमा! कारण लोक सीओडीचे, म्हणजे पार्सल हातात आल्यावर द्यायचे, पैसे ह्याच्याच जीपेवर टाकतात आणि हा संध्याकाळी हबवर तेवढी रोकड भरतो, एक रुपया कमी पडला तर पेआऊटमधून कापतात. साहेब म्हणाले हे पैसे कुणाचे. भाऊ नुसता माझ्याकडे बघत बसला. काका, त्यांची चूक आहे असं मी म्हणत नाही, त्यांच्यासमोर जे कागद होते त्यात एकाच माणसाची दोन वेगवेगळी माणसं दिसत होती.

त्यात भर म्हणजे २६एएसमध्ये (कुणी किती टीडीएस कापला त्याचा आयकर खात्याचा उतारा) पैसे देणाऱ्याचं जे नाव आहे ते त्याच्या शर्टावरच्या कंपनीचं नाहीच, मधल्या कुठल्या व्हेंडरचं आहे, पुण्याकडचा पत्ता. त्या माणसाला ह्याने आयुष्यात बघितलेलं नाही. तलाठ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याला गेलो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आम्ही तलाठीच म्हणतो) तर तिथे धंद्याच्या रकान्यात त्यांनी ‘मजुरी’ लिहिलं. आयकरात ठेकेदार, बँकेत ना इकडचा ना तिकडचा, दाखल्यावर मजूर.

कायदा आलाय की, असंही तुम्ही लिहिलंय. हो, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात गिग कामगाराची (अशी सुटी कामं करणाऱ्याची) व्याख्याच अशी आहे की मालक-नोकराच्या नेहमीच्या नात्याबाहेर काम करणारा. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के कल्याणनिधीत द्यायचे, ते चांगलंच आहे, विमा वगैरे मिळेल. पण त्याने हा नोकर ठरत नाही आणि ई-श्रमचं कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) म्हणजे काही पगाराचा पुरावा नाही. बँकेतल्या दोन चौकोनांचं काय करायचं ते तिथेही नाही.

शेवटी मी हबवर गेले. मला एक ओळ हवी होती फक्त, ‘हा मुलगा तीन वर्षं इथून पार्सलं वाटतो.’ तिथला मॅनेजर चांगला पोरगा आहे, चहा मागवला, पण म्हणाला ताई, लेटरहेडवर असं काही लिहून द्यायचं नाही असं वरून आहे, उद्या कुणी म्हणेल हा आमचा नोकर. भाऊ बाहेर पावसात पार्सलांवर प्लास्टिक बांधत होता. एका वाडीत पंधरा घरं एकाच आडनावाची, घरांना नंबर नाहीत, तरी भर जुलैत पाखाड्या (दगडी पायवाटा) उतरून ज्याचं त्याच्या हातात पार्सल देणारा हा मुलगा, आणि तो हे काम करतो एवढं लिहून द्यायला कुणी तयार नाही.

ह्या वर्षी रिटर्न मी स्वतः भरलाय, खरा नफा दाखवून. सीओडीसाठी वेगळं खातं उघडलंय. वहीसुद्धा घातलीय, तुमच्या कमेंटआधीच. बारा महिन्यांचे पेआऊट, २६एएस आणि १६ए एकत्र लावून फाईल केलीय. तुम्ही इतकी वर्षं बँकेत काढलीत, तर मला एवढंच सांगा, ह्या फाईलवर तुम्ही कुठल्या चौकोनात टिक केली असती आणि वर अजून कुठला कागद मागितला असता? चिपळूण-रत्नागिरीकडचे असाल तर फाईल घेऊन मी स्वतः येते, वेळ तेवढी कळवा.